हलका स्टेम, महागडा समज

माउंटन बाइकवाल्यांच्या गप्पांत एक वचन हमखास निघतं: मजबूत, हलकं आणि स्वस्त, या तिन्हींपैकी कुठलेही दोनच गुण मिळतील. अमेरिकेतले नामांकित सायकल-कारागीर कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावावर ते चालतं. फ्रेम, चाकं आणि क्रँक यांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण हेच वचन डोळे मिटून स्टेमलाही लावलं जातं. त्यातून असा समज पक्का झाला आहे की हलका स्टेम हवा असेल तर दहा-पंधरा हजार मोजा, नाहीतर कमकुवत माल घेऊन हातपाय मोडून घ्यायची तयारी ठेवा. हा समज चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पूर्वपक्ष. तो असा: स्टेम म्हणजे फोर्कच्या नळीला हँडलबार जोडणारा सांधा. त्यावर सगळा भार येतो, म्हणून तो भक्कम हवा. भक्कमपणा राखून वजन उतरवायचं तर धातू उंची हवा, नाहीतर कार्बन हवा, आणि या दोन्ही गोष्टी महाग. शिवाय चढावर प्रत्येक ग्रॅम अंगावर येतो, तेव्हा पैसे खर्च करणं शहाणपणाचंच.

या युक्तिवादातलं पहिलं पाऊल बरोबर आहे. पुढची सगळी तपासून घ्यावी लागतात.

शेवटापासून सुरुवात करू. ७५ किलोचा माणूस, १३ किलोची सायकल, पाणी आणि हत्यारं मिळून दोन किलो, एकूण ९०. महागडा स्टेम घेऊन ५० ग्रॅम वाचले, तर एकूण वजनाचा अठराशेवा भाग कमी झाला. तीव्र चढावर लागणारा वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे सिंहगडाचा गाडीरस्ता कुणी तासाभरात चढत असेल, तर त्याचे ३,६०० सेकंदांतले दोन सेकंद वाचतील. पायथ्याशी बाटलीतून दोन घोट पाणी जास्त प्यायलं, तर सायकलवरून नेमकं तेवढंच वजन उतरतं. स्टेम काही चाकासारखा फिरत नाही, त्यामुळे वेग घेताना वेगळा फायदा होईल असंही नाही. ज्याला खरोखर वजन उतरवायचं आहे, त्याने आधी टायरमधल्या ट्यूबांकडे पाहावं. २९ इंची चाकाची साधी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि ट्यूबलेस केल्यावर सीलंटचं वजन धरूनही दोन चाकांत मिळून पाव किलोच्या जवळपास बचत होऊ शकते.

आता धातूचा मुद्दा. ६०६१ आणि ७०७५ ही दोन ॲल्युमिनियमची मिश्रणं स्टेमच्या जाहिरातींत नेहमी दिसतात. ७०७५ जास्त ताण सोसतं यात वाद नाही. ६०६१च्या जवळजवळ पावणेदोनपट. त्यामुळे भिंती पातळ ठेवता येतात आणि वीसेक ग्रॅम उतरतात. मात्र त्याचा ताठपणा वेगळा नसतो. दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपासच आहे. म्हणून भिंत पातळ केली की तो स्टेम तुटणार नाही कदाचित, पण लवेल मात्र जास्त. ‘उंची धातू, म्हणून ताठ’ हे दुकानात ऐकू येणारं वाक्य भौतिकशास्त्राला धरून नाही. कार्बनची तऱ्हा आणखी वेगळी. स्टेमच्या दोन्ही टोकांना पकडी असतात, त्यांना बोल्टांचा दाब चारी बाजूंनी सोसावा लागतो, आणि कार्बनचं खरं बळ एका दिशेत ओढणाऱ्या ताणात आहे. त्यामुळे पकडीपाशी जाडी वाढवावी लागते आणि वाचलेलं वजन तिथेच परत येतं. उत्तम घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या स्टेमपेक्षा कार्बनचा स्टेम पुष्कळदा हलका नसतोच. काही स्टेम तर आतून ॲल्युमिनियमचे आणि वरून फक्त कार्बनचं कापड चिकटवलेले असतात. ते त्याच घडणीच्या उघड्या स्टेमपेक्षा जड भरणार, हे सांगायला तराजू लागत नाही.

मग स्टेम हलका होतो कशाने? माझं उत्तर आहे, लांबीने. ही लांबी फोर्कच्या नळीच्या मध्यापासून हँडलबारच्या मध्यापर्यंत मोजतात. एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा ९० मिलिमीटरचा आणि ५० मिलिमीटरचा स्टेम तराजूत टाकून पाहा. किंमत बहुधा तीच असते. दर दहा मिलिमीटरमागे पाच-सात ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे या दोघांत वीस ते तीस ग्रॅम. उंची मिश्रधातूसाठी पैसे मोजून आपण जेवढं वजन उतरवणार होतो, जवळपास तेवढं इथे फुकट उतरलं.

आणि मजबुती? बॉन्ट्रेगर यांचं वचन इथे तुटतं, म्हणून जरा थांबून पाहू. दगडावरून उतरताना हँडलबारवर हजार न्यूटनचा झटका बसला असं धरा. १०० मिलिमीटरच्या स्टेमच्या मुळाशी १०० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर पडेल, ५० मिलिमीटरच्या स्टेमला ५०. धातू तोच, भिंत तीच, पण ताण निम्मा. वाकणं त्याहून झपाट्याने घटतं. एक टोक पक्कं धरलेल्या दांडीच्या दुसऱ्या टोकावर भार टाकला, तर ती लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकते. लांबी निम्मी केली की वाकणं आठव्या हिश्शावर येतं. उभं राहून चढ मारताना आपण हँडलबारचं एक टोक ओढतो, तेव्हा स्टेमला पिळणारा जोर मात्र आखूडपणाने कमी होत नाही. तो हँडलबारच्या रुंदीवर ठरतो. तरीही त्या जोराने स्टेम किती पिळवटेल हे त्याच्या लांबीवरच अवलंबून असतं, म्हणजे तिथेही निम्म्यावर. हलका, ताठ, मजबूत आणि त्याच किमतीत: चारही एकत्र मिळतात.

इतकं साधं होतं तर लोकांनी लांब स्टेम वापरले कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मरीन काउंटीतल्या टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची या मंडळींनी माउंटन बाइकला आकार दिला. पुढे शर्यती वाढल्या आणि बसण्याची पद्धत रस्त्यावरच्या शर्यतींतून आली: पाठ ताणलेली, हँडलबार अरुंद, स्टेम १२० ते १५० मिलिमीटर, हेड ट्यूबचा, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा, कोन ७१ अंश. त्या फ्रेम आखूड होत्या, म्हणून हात पुरायला स्टेम लांब लागे. गॅरी फिशर यांनीच १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वरची नळी लांबवून स्टेम आखूड केला. २०१२च्या सुमारास स्पेनच्या माँड्रेकर कंपनीने शर्यतपटू फाबियाँ बारेल यांना हाताशी धरून हा विचार पार टोकाला नेला आणि दहा मिलिमीटरचा स्टेम लावून दाखवला. आज डोंगरवाटांवरच्या सायकलींना ७६० ते ८०० मिलिमीटर रुंदीचा हँडलबार आणि ४० ते ६० मिलिमीटरचा स्टेम सर्रास असतो. लांब स्टेम ही त्या काळच्या फ्रेमची गरज होती.

म्हणूनच माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहे आणि ती लपवणं योग्य होणार नाही. जुन्या, आखूड फ्रेमवर एकदम १०० चा ४० करू नका. गुडघे हँडलबारपाशी येतील, आणि चढावर पुढचं चाक उचलून इकडेतिकडे भरकटेल. अशा वेळी काही जण हात पुरावेत म्हणून सीट मागे सरकवतात. ते तर मुळीच करू नये; सीटची जागा पेडलवरच्या पायाने ठरते, हातांनी नाही. एका वेळी वीस मिलिमीटर उतरा आणि सोबत हँडलबार थोडा रुंद करा, कारण हात पसरले की छाती आपोआप पुढे झुकते. स्टेमला बहुधा सहा-सात अंशांचा कोन असतो. तो उलटा बसवला की ९० मिलिमीटरच्या स्टेमवर हँडलबार दीड-दोन सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. एक रुपयाही न खर्चता हे करून पाहता येतं. फ्रेमला १०० चाच स्टेम शोभत असेल तर १०० चाच घ्या, आणि ती तीस ग्रॅमची खंत सोडून द्या.

खरेदीला गेलात की पैशांपेक्षा बोटांनी जास्त काम करा. फोर्कची नळी २८.६ मिलिमीटरची आहे का आणि हँडलबारची पकड ३१.८ ची की ३५ ची, हे आधी मोजा. जवळ ३१.८ चा हँडलबार असेल तर तोच ठेवा. त्या मापात स्वस्त आणि चांगले स्टेम भरपूर मिळतात. हँडलबार धरणारी पुढची झाकणी, म्हणजे फेसप्लेट, काढून पकडीच्या कडेवरून नख फिरवा. कड धारदार लागली तर तो स्टेम परत ठेवा, कारण तीच कड पुढे हँडलबारवर ओरखडा पाडते आणि ओरखड्यातून तडा सुरू होतो. मग बोल्ट बघा. पोलादाऐवजी टायटॅनियमचे घातल्याने सहा बोल्टांत दहाएक ग्रॅम वाचतात. हौस असेल तर करा. ॲल्युमिनियमचे बोल्ट मात्र स्टेमला कधीही लावू नका. आयएसओ ४२१० या सुरक्षा-मानकात हँडलबार आणि स्टेम यांना पुन:पुन्हा भार देऊन थकव्याची चाचणी आहे. त्या मानकाचा उल्लेख पाकिटावर असलेला, घडीव ॲल्युमिनियमचा, दीड-दोन हजारांतला स्टेम निर्धास्त घ्यावा. नावगाव नसलेला स्वस्त कार्बन स्टेम कुणी फुकट दिला तरी नको.

बसवताना टॉर्क रेंच वापरा. स्टेमवर छापलेला आकडा, बहुधा चार ते सहा न्यूटन-मीटर, ही कमाल मर्यादा आहे. फेसप्लेटचे चारही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा आणि तिची फट वर-खाली सारखी ठेवा. ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित सीमा नसते, लहान लहान झटकेही त्यात साठत जातात. म्हणून पावसाळा संपला की स्टेम सोडवून पुसा, बोल्टांना ग्रीस लावा आणि बोल्टांच्या भोकांभोवती उजेडात बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी त्याच दिवशी नवा स्टेम आणा.