काटा, केस आणि कंस

‘स्पीशीज प्लान्टारम’च्या दुसऱ्या खंडात, 820व्या पानावर, कार्ल लिनियसने युरोपातल्या शेतकऱ्यांना नकोशा असलेल्या एका थिसलची नोंद केली आहे. साल 1753. पाने काटेरी, फुले जांभळट, मुळे जमिनीखाली दूरवर आडवी पसरणारी. उपटताना मुळाचा तुकडा मागे राहिला, की त्यातून नवे रोप वर येते. लिनियसने त्याला ‘सेराट्युला आर्वेन्सिस’ असे नाव दिले. त्याच पानावर ‘कार्डुअस’ ही थिसलांची मुख्य प्रजाती सुरू होते. म्हणजे इतक्या काटेरी झाडाला त्याने थिसलांच्या उंबरठ्यापर्यंत आणले आणि बाहेरच ठेवले. हे नजरचुकीने घडले की विचारपूर्वक, याचे उत्तर छापील कागदांतून काढता येते. ते काढत गेले, की थिसलांच्या वर्गीकरणाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

लिनियसच्या आधीचे दोन कागद प्रथम पाहू. बाझेल शहरातल्या कास्पार बाउहिनने 1623 मध्ये ‘पिनाक्स’ हा वनस्पतिनामांचा कोश छापला. त्यात हे झाड द्राक्षमळ्यात सरपटणारे, ‘सोन्कस’सारख्या पानांचे ‘कार्डुअस’ म्हणून आले आहे. नाव आणि वर्णन तेव्हा एकच असे. पुढे 1700 मध्ये पॅरिसच्या जोझेफ पितों द तूर्नफोरने आपल्या ‘इन्स्टिट्युशिओनेस’मध्ये तेच झाड ‘सिर्सियम’ या वेगळ्या प्रजातीत घातले आणि नावातच ‘आर्वेन्से’, म्हणजे शेतातले, हे विशेषण ठेवले. लिनियसला हे दोन्ही ग्रंथ चांगले ठाऊक होते. तरीही त्याने ‘सिर्सियम’ ही प्रजाती स्वीकारली नाही आणि तिच्यातली झाडे आपल्या निकषांप्रमाणे वाटून टाकली.

ते निकष ‘जेनेरा प्लान्टारम’ या त्याच्या प्रजातींच्या ग्रंथात सापडतात. थिसलचे ‘फूल’ हे खरे तर अनेक बारीक पुष्पकांचा स्तबक असतो, आणि त्याला खालून खवल्यांसारख्या छदांचे कवच असते. लिनियसने हे कवच पाहून प्रजाती ठरवल्या. छदांच्या टोकाला काटा असेल तर ‘कार्डुअस’. काटेरी कवचाभोवती आणखी पानांसारखी छदे असतील तर ‘क्निकस’. स्तबकाचा तळ मधाच्या पोळ्यासारखा खळग्याखळग्यांचा असेल तर ‘ओनोपॉर्डम’. छदांची टोके पानासारखी पसरलेली असतील तर ‘कार्थॅमस’. आणि छदे बिनकाट्याची असतील तर ‘सेराट्युला’.

आता शेतातल्या थिसलचा स्तबक हातात घेऊन पाहावा. पाने बोचतात, पण स्तबकाचे कवच जवळजवळ गुळगुळीत लागते. बाहेरच्या छदांच्या टोकाला जेमतेम मिलिमीटरभर मऊ टोक असते, तेवढेच. लिनियसने वर्णनात पाने काटेरी असल्याचे नोंदवले आहे, पण प्रजाती पानांवरून ठरवायची नाही, हा त्याचा नियम होता. त्या नियमाने सेराट्युला हाच निर्णय निघतो. उंबरठ्याबाहेर ठेवण्याचा प्रकार विचारपूर्वक झालेला होता, हे एवढ्यावरून सिद्ध होते.

लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर मात्र तूर्नफोरच्या प्रजाती सोडायला तयार नव्हता. त्याच्या ‘गार्डनर्स डिक्शनरी’ची संक्षिप्त चौथी आवृत्ती 28 जानेवारी 1754 रोजी निघाली आणि तिच्यात ‘सिर्सियम’ पुन्हा स्वतंत्र प्रजाती म्हणून आली. या तारखेला पुढे फार वजन आले. 1905 मध्ये व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेने ‘स्पीशीज प्लान्टारम’ हा नावांचा आरंभबिंदू मानला; त्याआधीची नावे हिशेबातून गळाली. त्यामुळे प्रजाती आखली तूर्नफोरने, पण ‘सिर्सियम’पुढे कर्ता म्हणून नाव लागते ते मिलरचे.

मिलरने 1754 मध्ये लिनियसची दोनपदी नावे वापरली नव्हती. ‘सिर्सियम’ आणि ‘आर्वेन्से’ ही जोडी जुळवली जोव्हान्नी आन्तोनिओ स्कोपोलीने. आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया इथे तो पाऱ्याच्या खाणीचा वैद्य होता. खाणकामगारांना पाऱ्याची बाधा कशी होते हे त्याने लिहून ठेवले, आणि भोवतालच्या कार्निओला प्रांतातल्या डोंगरांतली झाडेही नोंदवली. ‘फ्लोरा कार्निओलिका’ची 1760 ची पहिली आवृत्ती दोनपदी नावांविना होती. मधल्या काळात लिनियसशी त्याचा पत्रव्यवहार होता. 1772 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लिनियसची नामपद्धती घेतली, पण थिसलांच्या बाबतीत लिनियसच्या सीमारेषा घेतल्या नाहीत. दलदलीतला थिसल त्याने कार्डुअसमधून काढला, लोकरी स्तबकाचा थिसलही तिथूनच काढला, शेतातला थिसल सेराट्युलामधून आणला आणि सगळे सिर्सियममध्ये ठेवले. क्निकसमधला एक थिसल तर त्याने 1769 मध्येच तिकडे नेला होता. लिनियसने तीन प्रजातींत विखुरलेली झाडे अशी एकत्र आली.

या स्थलांतराची पावती नावातच छापलेली असते: ‘सिर्सियम आर्वेन्से (एल.) स्कोप.’ कंसातला ‘एल.’ म्हणजे लिनियस, ज्याने जातीला पहिले वैध नाव दिले; कंसाबाहेरचा ‘स्कोप.’ म्हणजे ज्याने ती दुसऱ्या प्रजातीत नेली. या पावतीची शिस्त कडक आहे. भाल्यासारख्या पानांच्या थिसलला स्कोपोलीने त्याच ग्रंथात ‘सिर्सियम लान्सेओलाटम’ म्हटले. पण जॉन हिलने 1769 मध्ये हेच नाव दुसऱ्या झाडाला दिलेले होते. तीन वर्षांच्या फरकाने स्कोपोलीचे नाव बाद झाले, आणि ते झाड आज ‘सिर्सियम वल्गारे’ या नावाने ओळखले जाते.

स्कोपोलीने एकत्र आणलेल्या झाडांत खरे नाते आहे, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बीच्या केसांत. पिकलेल्या थिसलची बी वाऱ्यावर उडते ती माथ्यावरच्या केसांच्या झुपक्यामुळे. कार्डुअसच्या बीवरचा एक केस भिंगाखाली धरला, तर तो साधा दिसतो, फार तर कडेने सूक्ष्म खरखरीत. सिर्सियमच्या केसाला दोन्ही बाजूंनी बारीक उपकेस फुटलेले असतात, पक्ष्याच्या पिसासारखे. काटे जातीगणिक कमीजास्त होतात. केसाची ही घडण मात्र टिकते.

इतके होऊनही नाव स्थिर झाले नाही. पिसासारख्या केसांच्या थिसलांना लिनियसचेच ‘क्निकस’ हे नाव द्यावे, असा एक प्रवाह होता. विल्डेनोने 1787 मध्ये बर्लिन परिसराच्या वनस्पतींवर लिहिताना त्याप्रमाणे नावे दिली. हॉफमनने 1804 मध्ये शेतातल्या थिसलला ‘क्निकस आर्वेन्सिस’ केले. बेंथम आणि हूकर यांनी 1873 मध्ये तीच बाजू घेतली आणि तेच नाव हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या तिसऱ्या खंडातून भारतात आले. म्हणून उत्तर भारतातल्या याच तणाचे जुने उल्लेख शोधायचे, तर ‘क्निकस’ खाली पाहावे लागते. हा प्रवाह आटला तो लिनियसच्याच कागदांमुळे. 1753 मध्ये त्याने क्निकसमध्ये ठेवलेल्या जातींपैकी ‘क्निकस बेनेडिक्टस’ ही त्या नावाची आधारभूत जाती ठरली. ही जाती ‘सेंटॉरिया’ या प्रजातीच्या गोतातली. स्वतः लिनियसने 1763 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला तिकडे हलवले होते. आधारच दुसरीकडे गेल्यावर त्या नावाखाली सिर्सियमच्या झाडांना ठेवणे शक्य उरले नाही.

या सगळ्या वादात एक माणूस वेगळ्याच जागी पाहत होता. आंरी कासिनी हा पॅरिसचा न्यायाधीश. सूर्यफूल कुलातल्या हजारो बारीक पुष्पकांची त्याने चिरफाड केली. थिसलांच्या पुष्पकात स्त्रीकेसराची दांडी जिथे दुभंगते, तिथे खाली तिला जरा फुगवटा आणि केसांचे एक कडे असते. काटे नसलेल्या नातेवाइकांतही अशी खूण आढळते. 1819 मध्ये त्याने ‘कार्डुई’ या गटाला नाव दिले, आणि ते आजही चालते.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो, तो करडईमुळे. ‘कार्थॅमस टिंक्टोरियस’ लिनियसच्या त्याच खंडात 830व्या पानावर आहे, शेतातल्या थिसलपासून दहाच पानांवर. तिचे काटे काय असतात ते रब्बीत करडई काढणाऱ्यांना सांगायला नको. दवाने काटे मऊ असतात तोवर, पहाटेच, काढणी उरकली जाते. मात्र तिच्या बीला बहुधा केस नसतातच, म्हणून केसांची कसोटी इथे चालत नाही. चालते ती बीवरची जोडणीची खूण: सिर्सियममध्ये ती तळाशी सरळ असते, करडईत एका बाजूला सरकलेली. बेंथम आणि हूकर यांनी 1873 मध्ये या खुणेला वजन दिले आणि करडई सेंटॉरियाजवळ ठेवली. लिनियसच्या ग्रंथात सेंटॉरिया 909व्या पानापासून पुढे, वेगळ्याच गणात होती, कारण तिच्या स्तबकातली कडेची पुष्पके वांझ असतात. डीएनएच्या पुराव्यावर 2019 मध्ये कार्डुई गटाचे बारा उपगट मांडले गेले. त्यातही करडई सेंटॉरियाच्या उपगटात आहे, सिर्सियम दुसऱ्या उपगटात. दख्खनच्या माळावरचा उटकटारा तिसऱ्याच उपगटात आहे. त्याला रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’त, त्याच्या मृत्यूनंतर 1832 मध्ये छापलेल्या आवृत्तीत, ‘एकिनॉप्स एकिनाटस’ हे नाव मिळाले. त्याच्या गोल चेंडूतल्या प्रत्येक पुष्पकाला स्वतःचे वेगळे कवच असते.

शास्त्रीय नावे सारखी बदलतात म्हणून कृषी अधिकारी, वैद्य, विद्यार्थी सगळेच वैतागतात. पण वरच्या प्रत्येक बदलामागे कोणीतरी पाहिलेला एक अवयव आहे आणि तो कुठे पाहिला हे सांगणारे छापील पान आहे. लिनियसने कवच पाहिले, कासिनीने स्त्रीकेसर, बेंथम आणि हूकर यांनी बीची जोडणी. करडईचे रानटी नातेवाईक कोणते, रोगाला तोंड देणारे गुण कुठून आणायचे, हे शोधताना पैदासकाराला नात्यांचा हाच तक्ता वापरावा लागतो. तो तक्ता सोयीसाठी केलेली यादी नाही. चार शतके तपासत आणलेला पुरावा आहे, आणि पुढची दुरुस्तीही तशाच पुराव्याने व्हायला हवी.