झावरची उलटी मूस

उदयपूरजवळच्या झावरला गेलात तर भिंती निरखून बघा. जस्त काढायला वापरून झालेल्या, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी रचून त्या उभारल्यात. रसायनशास्त्र शिकवताना मी पोरांना सांगायचो: जस्त ९०७ अंशांना उकळतं, ऑक्साइडातून सुटायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे हाती वाफच येणार, आणि हवा लागली की तिचं पुन्हा ऑक्साइड. झावरकरांनी मूस उलटी बसवली. वर आच, खाली थंड भांडं: वाफ खाली उतरून हवा लागायच्या आतच थिजायची. शेजारच्या देबारीत १९६८ पासून भाजलेलं खनिज सल्फ्युरिक आम्लात विरघळवून विजेनं जस्त काढू लागले. खनिजातलं गंधक घालवायला भाजणं मात्र दोन्हीकडे आलंच. १९८१ साली कॅनडातल्या ट्रेलच्या कारखान्यानं काही खनिजापुरतं तेही टाळलं: ऑक्सिजनच्या दाबाखाली खनिज थेट आम्लात. गंधकाचा धूर नाही, सरळ गंधकच हाती!