झेरॉक्स मशीनला ‘लॉक’ असलं की दुरुस्ती का अडते?

मंचर, घोडेगाव, ओतूर किंवा जुन्नरच्या एखाद्या ऑफिसातलं मोठं झेरॉक्स मशीन बिघडलं, की कंपनीचा इंजिनिअर अनेकदा पुण्याकडून यावा लागतो. मंचर साधारण साठ किलोमीटर, जुन्नर नव्वदच्या आसपास. तो येतो, मशीन उघडतो, खराब भाग बदलतो आणि शेवटच्या टप्प्यावर स्क्रीन पासवर्ड मागते. पासवर्ड टाकणारे साहेब बदली होऊन गेलेले असतात. फेरी वाया! आता यात मशीनची चूक काहीच नाही. कुणीतरी कधीतरी चालू केलेली सिक्युरिटी सेटिंग आपलं काम चोख करत असते.

मुळात झेरॉक्स मशीनला पासवर्ड कशाला?

१९५९ साली आलेलं ‘झेरॉक्स ९१४’ कागदावरचा प्रकाश थेट ड्रमवर पाडून प्रत काढायचं. त्यात काही साठत नव्हतं. आजचं ऑफिसातलं मोठं मशीन म्हणजे स्कॅनर आणि प्रिंटर जोडलेला संगणकच. अनेक मॉडेलमध्ये हार्ड डिस्क असते आणि कागदाची प्रतिमा छपाईआधी तिच्यावर जाते. टेबलावरच्या लहान मशीनमध्ये सहसा डिस्क नसते, त्यामुळे हा प्रश्न तिथं फारसा येत नाही.

घोडेगावचंच बघा. आंबेगावचं तहसील कार्यालय तिथं, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही तिथंच. अशा गावात झेरॉक्सच्या काचेवर काय काय ठेवलं जातं? आधार कार्ड, जातीचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस न्यूजने न्यू जर्सीच्या एका गोदामातून चार जुनी मशीन विकत घेतली. त्यांच्या डिस्कवर पोलिसांच्या तपासाची कागदपत्रं आणि ‘अफिनिटी हेल्थ प्लॅन’ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांच्या वैद्यकीय नोंदी निघाल्या. भाड्याने घेतलेली मशीन डिस्क न पुसताच परत केली गेली होती. २०१३ मध्ये त्या कंपनीला १२ लाख १५ हजार डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं.

मग इंजिनिअर कुठे अडतो?

मशीनला साधारण तीन दारं असतात. पहिलं आपल्यासाठी, प्रती काढायला. दुसरं ॲडमिनचं. तिसरं ‘सर्व्हिस मोड’. ते खास दुरुस्तीसाठी असतं आणि नेहमीच्या मेनूत दिसत नाही. काउंटर पाहणं, रंग जुळवणं, नवीन ड्रमची नोंद करणं ही कामं तिथून होतात.

सगळ्यात जास्त गोची होते ती फ्युजरची. शाई कागदावर वितळवून पक्की करणारा हा तापणारा भाग. त्याचं तापमान बिघडलं तर आगीचा धोका, म्हणून मशीन स्वतःला बंद करून घेतं आणि अनेक मॉडेलमध्ये बटण बंद-चालू करूनही एरर जात नाही. भाग बदलल्यावर सर्व्हिस मोडमध्ये जाऊनच ती पुसावी लागते. ॲडमिनने सर्व्हिस मोडच बंद करून ठेवला असेल तर? रिकोच्या मशीनमध्ये ‘सर्व्हिस मोड लॉक’ नावाची सेटिंग नेमकं हेच करते. ती चालू असेल तर ॲडमिनने काढल्याशिवाय इंजिनिअर आत जाऊ शकत नाही. इतर कंपन्यांच्याही अनेक मॉडेलमध्ये अशी सोय वेगळ्या नावाने असते. काही ठिकाणी तर असं लॉक लावून ॲडमिनचा पासवर्ड हरवला, तर कंपनीलाही ते उघडता येत नाही.

दुसरी अडचण डिस्कच्या एन्क्रिप्शनची. त्यामुळे डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. पण मुख्य बोर्ड जळाला आणि नवा बसवला, तर काही मशीनना जुनी किल्ली द्यावी लागते. ही किल्ली सुरुवातीलाच कागदावर छापून घ्यायची असते. तो कागद सापडला नाही तर डिस्क फॉरमॅट. मशीन सुरू होतं, पण साठवलेले फॉर्म आणि ॲड्रेस बुक जातं. याशिवाय यूएसबी पोर्ट बंद असेल तर पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, आणि बाहेरच्या कनेक्शनवर बंदी असेल तर कंपनीला दुरून बिघाड पाहता येत नाही. पुण्यापासून लांबच्या ऑफिसला यातलं शेवटचं जास्त महागात पडतं.

सगळं बंदच करून टाकलं तर?

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्कॅन झालेल्या कागदालाही लागू होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. ‘दुरुस्तीवाल्याने नेला’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

त्यापेक्षा ॲडमिनचा पासवर्ड आणि किल्लीचा कागद सीलबंद पाकिटात, कॅशबॉक्ससारख्या जागी ठेवा आणि चार्ज देताना यादीत लिहा. फोनवर तक्रार नोंदवतानाच ‘सर्व्हिस मोड लॉक आहे’ हे सांगा. इंजिनिअर आल्यावर लॉक ऑफिसच्या माणसाने स्वतः काढावं, शेजारी बसावं आणि काम झाल्यावर परत लावावं. ॲडमिन पासवर्ड द्यावाच लागला तर तो गेल्यावर लगेच बदला. डिस्क बदलली तर जुनी आपल्याकडेच ठेवायची, हे वार्षिक देखभालीच्या करारात आधीच लिहून घ्या. नंतर मागितली तर वाद होतो.

सेकंडहँड मशीन घेणाऱ्या झेरॉक्सवाल्यांनी पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर ॲडमिन मेनू उघडून पाहावा. जुन्या मालकाचा पासवर्ड तसाच असेल, तर तो काढून आणि डिस्क पुसून द्यायला सांगा.