नवापूर, दोनदा

औरंगपुऱ्यात अंड्यांचा ट्रे घेताना मला हमखास नवापूर आठवतं. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावच्या पोल्ट्री फार्मांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. नेहमीची मानमोडी असेल, असं मालकांना वाटलं. १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झालं: भारतातला पहिला बर्ड फ्लू. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आदिवासी घरांच्या परसातल्याही सुटल्या नाहीत.

२००९ च्या केंद्रीय कायद्याने साथीचा संशय आला की कळवणं मालकावर बंधनकारक केलं. पण बातमी फुटली की भाव पडतो, आणि भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. मग पहिल्या चार मेल्यावर फोन कोण करणार?

फेब्रुवारी २०२१. बर्ड फ्लू, पुन्हा नवापूर. आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात: मिटवलेला बग परत उघडतो. इथे मात्र पुन्हा खड्डे खणावे लागले.