खुंटीवरची बंदूक

दसऱ्याच्या दिवशी कोकणातील आमच्या घरी माजघरात मोठा पाट मांडला जाई. त्यावर कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ आणि दोन जुन्या कोयत्या ठेवीत, आणि सर्वांच्या वर आजोबांची ठासणीची बंदूक आडवी पडलेली असे. आजी तिला हळदकुंकू वाही ते तोंड दुसरीकडे फिरवून. आजोबा म्हणत, “अगो, भरलेली नाही ती!” त्यावर आजीचे ठरलेले उत्तर असे, “तिला ठाऊक आहे का ते?”

ही बंदूक आजोबांनी वाघ मारण्यासाठी घेतली नव्हती. भाताच्या लोंब्या भरू लागल्या की रानडुकरे एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून जात. त्यांना भिवविण्यापुरता बार काढायचा, एवढेच तिचे काम. आजोबांच्या मागे ती वडिलांच्या नावावर आली. गेल्या वर्षी वडीलही गेले आणि तेराव्यानंतर कागदपत्रांच्या पेटीत परवान्याचे पुस्तक हाती आले. वारसाने आपल्या नावाचा परवाना काढावा, नाही तर हत्यार जमा करावे, असा नियम. अर्ज भरावयास बसलो खरा. पण इतिहास शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्याला नुसता अर्ज भरून कसे चालेल? हे प्रश्न मला कोण विचारतो आहे आणि हा अधिकार त्याला कोणी दिला, याचा मागोवा घेत मी निघालो.

माझी समजूत अशी की हा माग मुंबईच्या विधानभवनात लागेल. परवान्यावर सही आपल्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची, हत्यार ठेवायचे ते आपल्या राज्याच्या पोलीस ठाण्यात. तेव्हा कायदाही राज्याचाच असणार! पण संविधानाच्या सातव्या अनुसूचीने माझी चूक दाखविली. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्याकडे. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा मात्र संघसूचीत, पाचव्या नोंदीत. अंमल येथे करावयाचा आणि कायदा दिल्लीस व्हावयाचा. आणि दिल्लीच्याही मागे गेले तर वाट थेट जुन्या कलकत्त्यास पोचते.

तेथे १८७८ च्या मार्च महिन्यात, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा मंजूर झाला. सत्तावनचा उठाव होऊन एकवीस वर्षे झाली होती. तरी त्याची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच महिन्यातला. एकाच महिन्यात जिभेलाही कुलूप आणि हातालाही! ज्या कायदेमंडळाने हे केले त्यात लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता, सारे नेमलेले. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत, रिपनसाहेबांच्या अमदानीत रद्द झाला. हत्यारांचा कायदा पुढे ऐंशीहून अधिक वर्षे टिकला.

या कायद्याची खरी नांगी त्याच्या अपवादांत होती. बंदूक बाळगण्यास परवाना, तलवार किंवा भाला घेऊन बाहेर पडण्यास परवाना. पण नियमांनी युरोपियनांना यातून सूट दिलेली. म्हणजे हत्याराचे भय नव्हते, ते कोणाच्या हाती आहे याचे भय होते. आणि अशा कायद्याची दहशत कलमांच्या फार पुढे धावते. आमच्या घरी पणजोबांची एक तलवार होती. ती घरात ठेवण्यास नेमकी केव्हा आणि कोठे मनाई आहे, हे गावात कोणी वाचले होते? हत्यार दिसता कामा नये, एवढे पाटलाने सांगितले आणि तलवार भाताच्या कणगीत गेली. आजी सांगे की तिच्या सासूबाई दसऱ्याला पूजा आटोपली की कोणाचे लक्ष नाही असे पाहून झेंडूचे एक फूल कणगीत टाकीत. पुढे ती गंजली तेव्हा आजोबांनी लोहाराकडून तिच्या दोन कोयत्या करून घेतल्या. पाटावर असत त्याच त्या.

या अपमानाची चीड देशभर होती. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाने हा कायदा सौम्य करण्याची मागणी केली, आणि पुढे ती पुन्हापुन्हा होत राहिली. मौज अशी की या मागणीचे सर्वांत नामांकित पुरस्कर्ते अहिंसेचे पुजारी महात्मा गांधी होते. सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची त्यांनी १९१८ साली ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत गणना केली. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांतील शेवटची, स्वसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने द्यावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, अशी होती. यात विसंगती नाही. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने ते खाली ठेवणे ही अहिंसा. ज्याचे हिसकावून घेतले त्याची ती नुसती लाचारी. पुढल्याच वर्षी कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला आणि त्यात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला.

आता सांगा, स्वतंत्र भारताच्या संविधानात हा हक्क यावयास हवा होता की नाही? अमेरिकेने तो १७९१ पासूनच आपल्या संविधानात बसविला आहे. आपल्या संविधान सभेतही ही मागणी झाली. १९४८ च्या डिसेंबराच्या आरंभी, आज ज्याला आपण एकोणिसावा अनुच्छेद म्हणतो त्याची चर्चा चालू असताना, हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. कामत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी. आय. सी. एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या पक्षात गेलेला हा मनुष्य. कराचीचा ठराव तो कसा विसरणार? सार्वजनिक शांततेसाठी सरकारने निर्बंध घालावेत, अशी सोयही त्यांनी दुरुस्तीत ठेवली होती.

उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काँग्रेसने ही मागणी केली होती हे खरे. पण इंग्रजांनी हा हक्क नाकारला तो शांतता-सुव्यवस्थेसाठी नव्हे, तर पारतंत्र्यातील प्रजेने परकी सत्तेविरुद्ध उठू नये म्हणून. ते कारण आता उरले नाही, म्हणून त्या ठरावांचा आधारही उरला नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन बिनदिक्कत हत्यारे विकत घेता आली तर राज्यकारभार कसा चालावा? आणि आग्रह धरावयाचाच तर तो शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा.

सभेने कामतांची दुरुस्ती फेटाळली. वाचताना माझे मन दोन्हीकडे ओढले जात होते. साठ वर्षांची मागणी, आणि आपलेच लोक ती नाकारतात! पण तो काळ आठवून पाहावा. फाळणीच्या कत्तली होऊन फार दिवस लोटले नव्हते. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला दिल्लीतच एका पिस्तुलाने महात्माजींचा बळी घेतला होता. संविधानात शस्त्रांचा उल्लेख आला तो उलट्या अंगाने: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. पंचविसाव्या अनुच्छेदात शीख बांधवांच्या कृपाणाला तेवढे मानाचे स्थान मिळाले.

हक्क नाही, हे ठरले; पण लिटनसाहेबांचा कायदा तसाच राहिला होता. १९२० च्या नियमांनी गोऱ्यांची सवलत कागदावरून गेली होती, तरी अंमलदाराची मर्जी कायम होती. आमच्या शेताला लागून एका कुळाचे शेत होते. डुकरे त्याचेही भात खात. त्यानेही अर्ज केला. एका अंमलदाराने विचारले, “तुझ्या नावावर जमीन किती?” जमीन नावावर नाही, तर परवाना नाही! नांगर त्याचा, घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा. कारण लेखी मागण्याची सोय नव्हती. मग आजोबा रात्री आपल्या माळ्यावरून दोन बार काढीत, एक आपल्या शेतासाठी आणि एक त्याच्या.

१९५९ साली संसदेने जुना कायदा मोडीत काढून नवा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे चौदावे कलम वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. नाकारल्यास कारण नोंदवावे लागते आणि त्यावर अपील करता येते. तेराव्या कलमात तर पीक राखण्यासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा नावाने उल्लेख आहे. अन्य अडचण नसेल तर तिचा परवाना द्यावाच, असे ते कलम सांगते. आमच्या शेजाऱ्याला पुढे परवाना मिळाला तो याच कायद्याने. त्या दिवशी त्याने आजोबांना नारळ आणून दिला होता. तो कशाचा, हे मला इतक्या वर्षांनी उमगले.

जुना कायदा विचारी, तू कोण? नवा विचारतो, तुला हे कशासाठी हवे? या दोन प्रश्नांत एका स्वातंत्र्ययुद्धाचे अंतर आहे. दुसरा प्रश्न सुखाचा असतोच असे नाही. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनच बंदुका असाव्यात असे ठरविले. २०१९ मध्ये सरकारने तीनांची एक करण्याचे विधेयक आणले. सदस्यांनी हरकती घेतल्या, तेव्हा एकाच्या दोन झाल्या. लग्नाच्या वरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच वेळी आले. असे वाद आपण निवडलेल्या माणसांत होतात, आकडे खालीवर होतात, नोंदी राहतात. कलकत्त्याच्या त्या सभेत हे घडणे शक्य नव्हते.

एवढे वाचून झाल्यावर मी अर्ज पुन्हा समोर ओढला. बंदूक कशासाठी हवी? शेत दहा वर्षे पडीक आहे. मुले शहरांत. मला बार काढता येत नाही. आजोबांची आठवण हे काही पीक नव्हे. या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि खोटे उत्तर लिहून ज्या कायद्याने शेजाऱ्याला न्याय दिला त्याला फसवावे असे वाटेना.

पावसाळा संपता संपता बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यावर नेली. तरुण हवालदाराने ती उलटसुलट पाहिली, म्हणाला, “काका, अशी मी पहिल्यांदाच बघतोय,” आणि पावती लिहून दिली.

यंदा दसऱ्याला पाट मांडला तेव्हा वरची जागा रिकामी दिसू लागली. मी मुकाट्याने ती पावती तेथे ठेवावयास गेलो, तोच आमच्या घरातून आवाज आला, “कागद पेटीत ठेवा, कुंकवाने खराब होईल. पूजेला कोयत्या आहेत की!”

मी कोयत्या थोड्या वर सरकवल्या आणि झेंडूचे फूल वाहिले, सर्वांच्या देखत.