खटला दुसऱ्या गावी का न्यायचा?

मंडळी, फौजदारी खटल्याचं ठिकाण बदलण्याचा इतिहास सांगायचा तर मुंबई-दिल्लीच्या कोर्टांकडे जावंच लागेल. पण आपण सुरुवात मालवणच्या किनाऱ्यावरून करू. समजा, रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात समुद्रात जुंपली आणि त्यात कुणाचा जीव गेला. (उदाहरण आमचं, रचलेलं.) खटला ओरोसच्या सत्र न्यायालयात उभा राहील. न्यायाधीश बदली होऊन आलेले, त्यांचं इथं कुणी सोयरं नाही की धायरं नाही. पण साक्षीदाराचं काय? रोज सकाळी तो त्याच बंदरावर मासळीच्या लिलावाला उभा असतो. डिझेल उधार देणारा, बर्फ देणारा, यातला कुणीतरी आरोपीच्या नात्यातला. कुणी दमदाटी करायचीही गरज नाही. "तो आपलोच माणूस, जरा सांभाळून बोल," एवढं पुरतं.

म्हणजे न्यायाधीश निःपक्षपाती असूनही खटला निःपक्षपाती होईलच असं नाही. ही गोष्ट कायद्याला बरीच आधी कळली होती. इंग्लंडमध्ये १८५६ साली विल्यम पामर या डॉक्टरवर विषप्रयोगाचा आरोप आला. स्टॅफर्डशायरमध्ये त्याच्याविरुद्ध इतकं वातावरण तापलं की तिथं पूर्वग्रह नसलेले ज्युरी मिळणार कुठून, असा प्रश्न पडला. पार्लमेंटनं खास कायदा केला आणि खटला लंडनला ओल्ड बेलीत चालवला. पामर फासावर गेला तो मात्र परत स्टॅफर्डलाच.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ५२६ वं कलम उच्च न्यायालयाला हा अधिकार देत होतं. कलम वाचायला उत्तम. पण त्या काळात खटल्याची जागा ठरवताना सरकारची सोय कशी पाहिली जाई, ते आपल्याच माणसांच्या बाबतीत दिसतं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. खटला नाशिकला चाललाच नाही. १९०८ च्या खास कायद्याखाली तो मुंबईत, उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे, ज्युरीशिवाय चालला. १९ एप्रिल १९१० ला, म्हणजे चार महिनेही पुरे व्हायच्या आत, कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

मीरतचं प्रकरण याहून बोलकं आहे. मार्च १९२९ मध्ये डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर यांना पकडलं. त्यांचं सगळं काम मुंबईच्या गिरण्यांत आणि कामगार वस्त्यांत. तरी खटला कुठे भरला, तर आजच्या उत्तर प्रदेशातल्या मीरतला! कारण मुंबई किंवा कलकत्त्यात ज्युरी मिळाली असती, मीरतला ती नव्हती. असेसर होते, पण त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हतं. निकाल लागायला जानेवारी १९३३ उजाडला. तेव्हा 'खटला दुसरीकडे' हे शब्द ऐकून लगेच हुरळून जाऊ नये, असं आमचं मत आहे. आधी विचारावं, मागणी कुणाची?

स्वातंत्र्यानंतर हे उलटं झालेलं दिसतं. १९७३ च्या संहितेत अधिकारांची उतरंड झाली. राज्याबाहेर खटला हलवायचा तर सर्वोच्च न्यायालय (कलम ४०६), राज्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायचा तर उच्च न्यायालय (४०७), आणि सत्र विभागातल्या विभागात सत्र न्यायाधीश (४०८). जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हीच कलमं ४४६ ते ४४८ झाली आहेत.

अर्थात मागितलं की मिळालं, असं नाही. मनेका गांधींनी त्यांच्यावरचा बदनामीचा खटला मुंबईहून दिल्लीला न्यावा म्हणून अर्ज केला होता. मुंबईत आपल्याला चांगला वकील मिळणार नाही, वातावरण विरोधी आहे, साक्षीदार दिल्लीचे आहेत, अशी कारणं होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला. कोर्टात गर्दी गोंगाट करत असेल तर ती आवरणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे. गैरसोय किंवा मनाचा हळवेपणा एवढ्यानं खटला हलत नाही, त्याहून ठोस काही लागतं. आजही याच कसोटीचा आधार घेतला जातो.

असं ठोस काही होतं ते बेस्ट बेकरी प्रकरणात. १ मार्च २००२ ला वडोदऱ्यात १४ माणसं मारली गेली. जून २००३ मध्ये तिथल्या न्यायालयानं सर्व २१ आरोपी सोडले, साक्षीदार एकामागून एक फिरले होते. सर्वोच्च न्यायालयानं १२ एप्रिल २००४ ला निकाल रद्द केला आणि फेरखटला महाराष्ट्रात चालवायला सांगितलं. तो मुंबईत चालला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. आता गंमत बघा, गंमत म्हणणं बरोबर नाही खरं तर. जिच्या तक्रारीमुळे खटला हलला, ती मुख्य साक्षीदार मुंबईतही पुन्हा फिरली, आणि पुढे त्याबद्दल तुरुंगातही गेली. खटला उभा राहिला तो बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षींवर. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं नऊपैकी पाच जणांना सोडलं, चौघांची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे जागा बदलल्यानं प्रत्येक जीभ मोकळी होत नाही. पण ज्यांना बोलायचं होतं त्यांना बोलता आलं.

राज्यातल्या राज्यात असं झालेलं उदाहरण सोनईचं. १ जानेवारी २०१३ ला नेवासा तालुक्यात तीन दलित तरुणांची हत्या झाली. जातीवरून झालेला खून. हा खटला अहमदनगर जिल्ह्यातून नाशिकला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा खटलाही धुळ्यात चालला, तिथं प्रश्न राजकीय वजनाचा होता.

आता आपल्या जिल्ह्यापुरतं बोलू. १९८१ पर्यंत मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. नवा जिल्हा झाला, जिल्हा न्यायालय ओरोसला आलं, सोय झाली. पण जिल्हा जितका लहान, तितकी ओळख घट्ट. आणि ओरोसमधून खटला बाहेर काढायचा अर्ज करायचा तर मुंबई गाठावी लागे, साडेचारशे-पाचशे किलोमीटर. वकिलाची फी, प्रवास, राहणं. ज्याच्या पाठीशी पैसा नाही, त्याला ४०७ हे कलम असून नसल्यासारखं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आला. घाट चढलं की कोल्हापूर.

अर्ज मंजूर झाला तरी पुढचा प्रवास साक्षीदारालाच करायचा असतो, तारखेमागून तारीख, समुद्राचा दिवस बुडवून. त्यावर उपाय म्हणून नव्या संहितेतल्या ५३० व्या कलमाकडे बोट दाखवतात: साक्ष व्हिडिओवर घ्या, माणसाला हलवू नका. ऐकायला सोपं आहे. पण मग तो साक्षीदार कॅमेऱ्यापुढे बसणार मालवणातच, आणि साक्ष आटोपून बाहेर येणार त्याच बंदरावर. यावर वकील मंडळींना काय वाटतं, ते ऐकायला आम्हाला आवडेल. प्रश्नोत्तरांत जरूर बोला.