तीन निवेदनं आणि एक सीडी: क्रिस मार्करची कारकीर्द

सायबेरियातलं याकुत्स्क शहर. रस्त्यावरून बस जाते, एक मोटार जाते. काही मजूर वाकून रस्ता सपाट करताहेत. एक माणूस कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. क्रिस मार्करच्या १९५७ सालच्या 'लेटर फ्रॉम सायबेरिया' या माहितीपटात हीच दृश्यं लागोपाठ तीनदा येतात. चित्र तेच, क्रम तोच, फक्त निवेदन बदलतं. पहिल्यांदा सोव्हिएत प्रचारकाचा उत्साही आवाज: बस आधुनिक, मजूर आनंदी. दुसऱ्यांदा कम्युनिस्टद्वेष्ट्याचा: बस खच्चून भरलेली, मजूर गुलामासारखे, आणि तो माणूस एकदम संशयास्पद. तिसऱ्यांदा शक्य तितका तटस्थ आवाज, ज्याला त्या माणसाचा फक्त तिरळा डोळा दिसतो. आणि मग मार्कर म्हणतो की ही तटस्थताही पुरती खरी नाही.

रीलवर दुसराच आवाज चिकटवून तिचा अर्थ उलटा करणं आपण रोज बघतो. मार्करने ती युक्ती लपवून वापरली नाही, उघडी करून दाखवली. समीक्षक आंद्रे बाझँने या चित्रपटाबद्दल लिहिताना नेमकं हेच टिपलं, की इथे संकलन एका दृश्याकडून दुसऱ्या दृश्याकडे जात नाही, कानाकडून डोळ्याकडे जातं.

हा माणूस १९२१ साली पॅरिसला लागून असलेल्या न्यूईमध्ये जन्मला. खरं नाव क्रिस्तियाँ बूश-विलनव्ह. त्याने मुलाखती क्वचित दिल्या. फोटो मागितला की तो मांजराचं चित्र पाठवायचा. २०१२ मध्ये आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशीच वारला. अशा तपशिलांमुळे त्याच्याभोवती गूढ वलय वगैरे तयार झालंय. मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो एका प्रश्नात, जो तो पन्नासेक वर्षं वेगवेगळ्या यंत्रांवर सोडवत राहिला: चित्राचा अर्थ ठरवण्याची सूत्रं कुणाच्या हातात असावीत?

१९६७ मध्ये बेझाँसाँच्या रोदियासेता कापडधागा कारखान्यात संप झाला. मार्कर आणि मारियो मारे यांनी त्यावर चित्रपट केला आणि १९६८च्या वसंतात तो कामगारांनाच दाखवला. कामगार खूश झाले नाहीत. आम्हाला नुसतं दीनवाणं दाखवलंय, बायकांचं काम आणि लढा दिसतच नाही, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. ती चर्चा ध्वनिमुद्रित झाली आणि जपलीही गेली. मार्करचं उत्तर असं होतं, की मग कॅमेरा तुम्हीच घ्या. त्याने आणि इतर तंत्रज्ञांनी कामगारांना चित्रीकरण आणि संकलन शिकवायला मदत केली, आणि 'मेदव्हेदकिन गट' उभा राहिला. (अलेक्झांडर मेदव्हेदकिन म्हणजे १९३०च्या दशकात रेल्वेच्या डब्यात स्टुडिओ घालून सोव्हिएत रशियाभर चित्रपट करत फिरलेला दिग्दर्शक.)

मार्करच्या चित्रपटात सुझान झेदे नावाची बाई नवऱ्याशेजारी बुजून बसलेली दिसते. कामगारांनी स्वतः केलेल्या 'क्लास द ल्यूत'मध्ये तीच सुझान घड्याळाच्या कारखान्यात संघटना बांधताना, ठामपणे बोलताना दिसते. मधला काळ फार मोठा नाही. ती बदललीच, पण कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे हेही बदललं होतं. मार्करच्या सगळ्या कामात मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यातला उत्तरार्ध त्याने दिग्दर्शित केलेला नाही.

'ला जते' (१९६२) बहुतेकांना माहीत असतो, निदान त्यावरून निघालेला '१२ मंकीज' तरी. स्थिर छायाचित्रांनी बनलेला, एकच क्षण खरोखर हलणारा: झोपलेली बाई डोळे उघडते. मी तो फोनवर पाहिला, हिंजवडीहून परतताना कंपनीच्या बसमध्ये. चित्रपट अठ्ठावीस मिनिटांचा, ट्रॅफिक त्याहून लांब.

'साँ सोलेई' (१९८३) येईपर्यंत मार्कर निवेदनातूनही अंग काढून घेतो. सांदोर क्रास्ना नावाच्या छायाचित्रकाराची जपान आणि गिनी-बिसाऊहून आलेली पत्रं एक बाई वाचते. क्रास्ना अर्थातच काल्पनिक. त्याचा मित्र हायाओ यामानेको जुनी दृश्यं सिंथेसायझरमधून काढून त्यांचे रंगीत, वितळलेले डाग करून टाकतो. तोही काल्पनिक, तोही मार्करच. त्या बिघडवलेल्या चित्रांना तो तारकोव्हस्कीच्या 'स्टॉकर'वरून 'झोन' म्हणतो. त्यामागचा युक्तिवाद असा, की ही चित्रं निदान आपण चित्रं आहोत हे कबूल करतात, भूतकाळ जसाच्या तसा आणून दिल्याचा आव आणत नाहीत.

इथून पुढचा मार्कर माझ्या धंद्यातला. साठी ओलांडल्यावर तो ॲपल टू कॉम्प्युटरवर बेसिकमध्ये प्रोग्रामिंग करत होता. १९८८ पर्यंत त्याने 'डायलेक्टर' नावाचा संवाद करणारा प्रोग्राम लिहिला. तुम्ही टाइप करायचं, त्याने उत्तर द्यायचं. आजच्या भाषेत चॅटबॉट. १९९० मध्ये पाँपिदू सेंटरमध्ये त्याने टीव्ही आणि कॉम्प्युटर यांची 'झॅपिंग झोन' ही मांडणी केली. १९९७च्या 'लेव्हल फाइव्ह' चित्रपटात लॉरा नावाची बाई मेलेल्या प्रियकराचा अर्धवट राहिलेला व्हिडिओ गेम पूर्ण करू बघते. विषय ओकिनावाची लढाई, जिथे १९४५ मध्ये हजारो नागरिक मेले, कित्येकांनी सामूहिक आत्महत्या केल्या. गेममध्ये तिने इतिहास बदलायचा प्रयत्न केला की प्रोग्राम नकार देतो.

त्याच काळात 'इमेमरी' आली, सीडी-रॉमवर. मुख्यतः शाळकरी मुलांसाठी असलेल्या हायपरस्टुडिओ नावाच्या साध्या सॉफ्टवेअरवर मार्करने स्वतःच्या आठवणींचा नकाशा रचला. युद्ध, सिनेमा, प्रवास, कविता, छायाचित्रं असे प्रदेश, आणि त्यांत कुठूनही शिरायची मुभा. वाट दाखवायला गियोम नावाचं मांजर. एका पानावर पाच सेकंद थांबायचं की पाच मिनिटं, ते माऊस धरणारा ठरवणार. याकुत्स्कमध्ये तीन निवेदनं त्यानेच लिहिली होती. इथे जोडणी तुमच्यावर सोडलेली.

आता त्या कामांची आजची अवस्था बघा. १९५७चा चित्रपट दिसतो, १९६२चा दिसतो. 'इमेमरी'ची मूळ सीडी मात्र आजच्या लॅपटॉपवर चालत नाही. आधी सीडीचा खण गेला, मग मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीम बदलत गेल्या. २०११ मध्ये ती वेबवर फ्लॅशमध्ये आली, आणि २०२० अखेर फ्लॅशच बंद झालं. आमच्याकडे याला डिपेंडन्सी म्हणतात. फिल्मची मुख्य डिपेंडन्सी प्रकाश. रिळ पुरतं खराब झालं नसेल तर भिंगातून एकेक चौकट तरी दिसते. प्रोग्रामला मात्र त्याचं अख्खं यंत्र जिवंत लागतं. म्हणजे मार्करने प्रेक्षकाला जितकं जास्त स्वातंत्र्य दिलं, तितकं ते काम नाजूक होत गेलं. हा योगायोग नाही. निवड करू देणारी वस्तू निवडीच्या क्षणी चालू असावीच लागते.

ऑफिसात जुनी सिस्टीम बंद करताना आम्ही डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवतो आणि 'मायग्रेशन पूर्ण' असं लिहून तिकीट बंद करतो. 'इमेमरी'च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्यातली सगळी चित्रं आणि मजकूर काढून ठेवला तरी फिरण्याची मुभा उरत नाही. कुणी पूर्ण सीडी फिरून तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, तर चित्रं वाचतील, पण कुठे वळायचं आणि कुठे रेंगाळायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असेल. म्हणजे पुन्हा एक निवेदन.

मार्करचा मोठा संग्रह सिनेमातेक फ्रांसेजकडे गेला आणि २०१८ मध्ये त्यावर पॅरिसला प्रदर्शनही झालं. ते चांगलंच झालं. पण मला जास्त हेवा वाटतो तो 'डायलेक्टर'वर काम करणाऱ्या कलाकार-प्रोग्रामर मंडळींचा. त्यांनी जुना बेसिक कोड हाताशी घेतला, तो वाचला आणि पुन्हा चालता केला. त्यात एक रिकामी ओळ येते आणि तुम्ही काहीतरी टाइप करेपर्यंत ती तशीच थांबून राहते.